कापूसची हजामत

केस कापण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं सलूनवाल्याचं स्वतःबद्दल मत होतं. हे मत दुसऱ्या कोणाचंही असल्याचं ऐकिवात नव्हतं. पण समोर आरसा, मागे आरसा आणि मध्ये आपण, असं रोज उभं राहिल्यावर माणसाच्या डोक्यात हवा जायचीच.

घरात मात्र केसांनीच त्याला तोंडघशी पाडलं होतं. त्याच्या कुत्र्याचे, कापूसचे, पांढरे केस सोफ्यावर, चहात आणि मुख्य म्हणजे बायकोच्या शिलाईत सापडायचे. ती घरीच वकिलांचे काळे कोट शिवायची. एक कोट परत आला, तेव्हा तिने तो हँगरसकट नवऱ्यासमोर धरला.

"शिवलाय मी, पण विणलाय तुमच्या कुत्र्याने. रविवारी माझा भाऊ येतोय. त्याच्याकडे अंगण आहे, घेऊन जाईल तो याला."

दुकानात सलूनवाला बोलायचा आणि गिऱ्हाईक ऐकायचं, पण तिथे गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असायचा. वस्तरा नसतानाही त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा कापूस एकटाच. तो गेला तर आपल्याला करमणार नाही, एवढं साधं वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना. त्याऐवजी तो म्हणाला, "केसांचं माझ्यावर सोड."

तिथेच त्याने माती खाल्ली.

शनिवारी त्याने कापूसला दुकानातल्या खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं आणि सरळ मशीन फिरवलं. केसच नसतील तर गळतील कुठून? इतका सोपा उपाय आजवर कोणाला सुचला नाही, म्हणून त्याला जगाची कीव आली. काम झाल्यावर सवयीने त्याने मागून आरसा धरला. कापूसने एकदा पाहिलं आणि तो खुर्चीखाली जाऊन बसला.

रविवारी सकाळी केस गळतच होते, फक्त आखूड झाले होते. आधीचे निदान चिमटीत यायचे, हे कोटाच्या कापडात सुईसारखे रुतत होते. बायकोने कापूसची ताटली धुऊन भावाबरोबर द्यायच्या पिशवीत भरली.

दुपारी मेहुणा आला आणि दारातच थबकला.

"दाजी, याला खरूज झालीय का?"

सलूनवाल्याचा चेहरा पडला. ही खरूज नाही, माझी कारागिरी आहे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"घरात लहान मुलं आहेत माझ्या," मेहुणा मागे सरकत म्हणाला. "केस भरून येऊ देत, मग नेतो."

सलूनवाल्याने कापूसकडे पाहिलं.

"खरूजच," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि ती भावासाठी चहा ठेवायला आत गेली.

केस हळूहळू येऊ लागले. एका सकाळी तिने मागच्या पायरीवरून हाक मारली. "अहो, इकडे या. वर हे लांब केस, आत ही मऊ लव. कोटासारखंच आहे, वर कापड, आत अस्तर. झडतंय ते अस्तर, आणि तुम्ही कापड कापत बसलात." एका हाताने केस बाजूला धरून, दुसऱ्या हाताने ती थोडे थोडे मुळापासून, केसांच्याच दिशेने विंचरत होती. सुटलेली लव कंगव्यात येत होती. मग रोज असंच, पायरीवरच, आंघोळ घालायची असली तर त्याआधी. कोट परत येणं बंद झालं.

मेहुण्याचा फोन आला, तेव्हाही ती पायरीवरच होती.

"नाही रे," ती म्हणाली. "केस कसले येतायत. तसाच आहे बिचारा."

तिची बोटं कापूसच्या केसांत पार बुडाली होती.

सलूनवाल्याची आयुष्यातली सगळ्यात भिकार हजामत कामी आली होती, आणि कोणा गिऱ्हाइकाला हे सांगायची सोय नव्हती. संध्याकाळी त्याने कापूसला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कापूसने शेवटपर्यंत ऐकलं.