दारातून दिसलेले पट्टे

कापडाच्या कारखान्यात थोरली पंधरा वर्षं तागे तपासत होती. खालून उजेड असलेल्या काचेवरून कापड सरकायचं आणि तिचं बोट तुटलेल्या धाग्यावर नेमकं पडायचं. धाकटी जाऊ पॅकिंगला लागली तीही तिच्याच शब्दावर.

महिन्याभरानं धाकटी खोकी नेताना तपासणीच्या खोलीच्या दारातच थबकली. "ताई, त्या करड्या ताग्यावर आडवे पट्टे आहेत. फिकट, हातभर रुंद."

थोरली वाकून वाकून बघू लागली. काही दिसेना. मुकादम मात्र धाकटीशेजारी जाऊन उभा राहिला नि म्हणाला, "नजर आहे हो हिला."

ते थोरलीच्या मनाला फार लागलं. घरी नवऱ्यानं नि दिरानंही धाकटीचं कौतुक केलं, तेव्हा ती ताटावरून उठूनच गेली.

पुढच्या आठवड्यात तिनं एका अगदी चांगल्या ताग्यावर खडूनं फुली मारली. "पट्टा आहे."

मुकादमाला दिसेना. त्यानं धाकटीला बोलावलं. ती दारातून बराच वेळ बघत राहिली. "आहे. ताई म्हणतात तिथंच."

तागा बाद झाला. जेवणाच्या सुट्टीत थोरलीनं तिला नळाशी गाठलं. "खरंच दिसला?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही खोट्या पडला असतात."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पकडली गेली असती तर परवडलं असतं, ही दया नको होती. "एवढी नजर आणलीस कुठून?"

"कसली नजर? काचेजवळ मला तुटका धागाही दिसत नाही. रुंद, फिकट पट्टा जवळून कळतच नाही, ताई. लांब गेलं की तो बारीक होतो नि उठून दिसतो."

थोरलीनं तोंड फिरवलं. सगळे पांगल्यावर मात्र ती एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत गेली. बाद म्हणून बाजूला ठेवलेल्या त्या करड्या ताग्यावर पट्टे होते, ओळीनं, स्वच्छ.

चांगला तागा चिंध्यांच्या भावानं जाईल म्हणून तिनं मुकादमाला खरं सांगून टाकलं. तो दोघींना फाडफाड बोलला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं दोघींना एकाच कामावर लावलं, थोरली काचेशी, धाकटी दाराशी.

काम सुधारलं. तरी धाकटी "ताई, पट्टा" म्हणाली की थोरली आधी स्वतः दारापर्यंत जाऊन बघून येते, आणि मगच खडू उचलते.