अठरावी खुंटी

बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या मांजरालाही ठाऊक होतं. गेल्या वर्षी दलदलीतल्या जंगलात क्रौंचाच्या जोडीनं अंडी घातली. बाबांनी ते न्हाव्याच्या दुकानात कौतुकानं सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं. म्हणून यंदा मी ठरवलं, यांना काही म्हणजे काही सांगायचं नाही.

या राखीव जंगलाची मी रखवालदार. माझ्याआधी एकतीस वर्षं बाबा होते. इथं जमीन म्हणजे पाण्यावर धरलेली मुळांची साय. पाय कुठं ठेवायचा ते खुंट्या सांगतात, दहा-दहा पावलांवर एक. नजर अधू झाल्यापासून बाबा काठीनं खुंट्या चाचपत, मोजत जायचे. अठरावीला डावीकडे वळलं की पक्की जमीन, पुढं पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी. निवृत्त झाले तरी रोज जाऊन पट्टीवरचा आकडा बघणं त्यांनी सोडलं नाही. माझे आकडे म्हणे अंदाजपंचे असतात.

यंदाचं घरटं नेमकं त्या वाटेला लागून होतं. बाबांचा गुडघा सुजलेला, आठवडाभर घरीच बसणार होते. तेवढ्यात मी वाट वळसा घालून नेली. वळशाला पाच खुंट्या जास्त लागल्या. आता वळायचं ते तेविसावीला. घरी मी अवाक्षर काढलं नाही आणि स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीतून घरी आले, तर दारामागची काठी नव्हती.

"गेले की तासाभरापूर्वी," आई म्हणाली. "गुडघ्याची सूज उतरलीय म्हणाले."

मी धावत सुटले. जंगलात बेडकांचा आवाज नव्हता. एरवी त्यांच्यापुढं आपलं बोलणं ऐकू येत नाही. मी हाका मारत, खुंट्या मोजत गेले. अठरावीपाशी शेवाळ फाटलं होतं आणि मधे काळं पाणी दिसत होतं.

बाबा छातीपर्यंत आत होते. दोन्ही हात एका मुळाला.

"पुढं येऊ नकोस," ते म्हणाले. दात वाजत होते. "कुणा गाढवानं खुंट्या हलवल्यात."

मी आडवी पडून हात लांब केला. पुरला नाही. खुंटी उपटून पुढं केली, तर त्यांना मूळ सोडवेना.

"मीच हलवल्या, बाबा. घरट्यासाठी."

त्यांनी मुळावरची पकड सावरली.

"अंडी किती?"

"दोन."

"जा, दोर घेऊन ये. माणसं आण." मी उठले, तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आईला सांग, माझा पाय घसरला. खुंट्यांचं कुणाकडे बोलायचं नाही. कळलं?"

मोबाइलला तिथं रेंज नसते. कचेरीपर्यंत जाऊन चार माणसं आणि दोर घेऊन यायला मला पाऊण तास लागला. मुळावर कुणाचे हात नव्हते. दुपारी त्यांना बाहेर काढलं.

आईला मी पाय घसरल्याचं सांगितलं. ती त्यांचे केस टॉवेलनं पुसत होती.

"एकतीस वर्षांत एकदाही घसरला नाही," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय बोलते याची वाट पाहत राहिली.