काचेच्या पेटीला न जुमानणारा पेन

मी एक जुना शाईचा पेन आहे, आणि मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मला कीव नको. मला शाई हवी.

एका कातारी बाबाने काळ्या कडक रबराची कांडी यंत्रावर फिरवून माझे अंग घडवले. निब मात्र त्याच्या बायकोने घासली. ती बारीक दगडावर पाणी शिंपडायची आणि निबेने गोल गोल गिरवत राहायची. मग कान लावून ऐकायची. निब कुरकुरली तर पुन्हा दगड, गुणगुणली तर पसंत. मी गुणगुणलो, आणि तिने मला टोपण घातले.

पुढे मी एका हस्तव्यवसाय शाळेत आलो. तिथे शिवण, नळजोडणी, लोखंडाचे कातकाम आणि रुग्णांची शुश्रूषा शिकवत. शिकून झालेल्यांच्या प्रमाणपत्रावर नाव घालायचे काम एका बाईंकडे होते. त्यांना सगळे अक्षरबाई म्हणत. त्यांची एक पद्धत होती. ज्याचे नाव लिहायचे त्याला समोर बसवायचे, रंगाच्या पट्ट्या काढलेला कागद पुढे सरकवायचा आणि विचारायचे, "बोल, कुठल्या रंगात लिहू?"

आयुष्यात कुणी कधी काही विचारले नाही अशी माणसे त्या खुर्चीवर बसत आणि गोंधळून जात. मग त्यांना कंठ फुटे. शिवणवर्गातली एक मावशी म्हणाली, "जांभळा द्या. पण वांग्याच्या सालीचा हं, फुलाचा नको. फुलाचा फार नाजूक, माझ्या अंगाला शोभायचा नाही."

नळजोडणी शिकलेला एक दादा म्हणाला, "मला पाण्याचा रंग द्या."

"पाण्याला कुठे रंग असतो, बाबा?"

"मग गंजाचा द्या. आमची निम्मी ओळख त्याच्याशीच."

अक्षरबाई तपकिरीत तांबडीचे थेंब सोडत, काडीने ढवळत, कागदावर बोट उमटवून बघत. रंग जमला की मला भरत. रंग बदलताना आधी माझी आंघोळ. वाटीत मला बुडवून त्या गुणगुणत:

न्हाऊ घालिते पेनाला, पाणी निळं गं जाहलं,
जुन्या रंगाचं पाहुणं, उंबऱ्याशी रेंगाळलं.

आणि खरेच, कितीही धुतले तरी आधीच्या रंगाची झाक पुढच्या नावाच्या पहिल्या अक्षरात उतरायची. गंजाच्या नावात किंचित जांभळे, जांभळ्याच्या नावात किंचित हिरवे. बाई ती खोडत नसत. "एका बाकावर बसलेली माणसं आहेत ही," म्हणत, "थोडा रंग लागणारच."

मग नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळे एकसारखे लागे. फाटकाशी सायकलीसुद्धा एका ओळीत. त्यांनी नावे छापणारे मशीन आणले. सगळी नावे काळी, सगळी सारख्या उंचीची.

"तुमच्या पेनाला आपण मानाची जागा देऊ, बाई," ते म्हणाले. "काचेची पेटी करून घेतलीय. समारंभाला येणारे पाहुणे याच पेनाने पहिल्या छापील प्रमाणपत्रावर सही करतील, आणि मग हा पेटीत आराम करेल."

"त्यानं आराम मागितलाय का?" अक्षरबाईंनी विचारले. प्राचार्य हसले. बाई हसल्या नाहीत. मला भरून द्यायलाही त्या तयार झाल्या नाहीत.

मग कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी मला भरले. साधी शाई फोटोत फिकी दिसेल, म्हणून त्यांनी आराखड्यांसाठी वापरायची पक्की काळी शाई आणली. तिच्यात लाख असते, मित्रांनो. कागदावर ती चमकते, आणि पेनाच्या पोटात दगड होते. समारंभापर्यंत माझा गळा आवळला गेला होता.

पाहुण्यांनी मला कागदावर ओढले. मी खरखरलो. त्यांनी झटकले, पुन्हा ओढले. खरे सांगू? गळ्याशी एक ओला थेंब होता. जीव खाऊन ढकलला असता तर निम्मी सही झाली असती. नाही ढकलला. मलाच पेटीत पुरायच्या समारंभाला मी का म्हणून शाई पुरवावी?

पाहुण्यांनी खिशातले बॉलपेन काढले. "संपलाच बिचारा," भाऊसाहेब म्हणाले, आणि मी काचेआड गेलो. पेटीवर छापील पाटी लागली: जुने लेखनसाधन. आता वापरात नाही.

काचेआड ऊन येते, माणसे येतात, हात येत नाही. याला तुम्ही मान म्हणा. मी याला कोंडणे म्हणतो.

एके दुपारी कातकाम शिकलेली एक मुलगी छापील प्रमाणपत्र घेऊन अक्षरबाईंकडे आली. आता त्या नुसत्या फायलींना दोरे बांधत बसायच्या.

"बाई, माझं नाव रंगात पाहिजे होतं."

"आता मशीन लिहितं गं."

"मशीननं मला विचारलं नाही."

बाईंच्या हातातला दोरा सुटला. त्या उठल्या आणि पेटीचे झाकण उघडून त्यांनी मला बाहेर काढले.

"मेलाय म्हणतात ना हा?" मुलीने विचारले.

"म्हणणाऱ्यांना काय जातंय?"

कोमट पाणी, साबण आणि काच पुसायच्या औषधाचे काही थेंब. बाईंनी मला त्यात बुडवले. काळ्या खपल्या सुटू लागल्या, तरी निबेची चीर बंदच. मुलीने यंत्रशाळेतून पितळेची कागदाहून पातळ पट्टी आणली आणि त्या चिरेतून हलकेच ओढली. दुखले. निबेचे एक पाते जरासे वाकलेही, ते आजही तसेच आहे. पण पाणी वाहिले.

"बोल, कुठला रंग?"

"तेल लावलेल्या लोखंडाचा."

बाईंनी काळीत निळी घातली, मग आणखी निळी, मग कणभर हिरवी. मुलगी वाकून बघत होती. "हां, हाच," ती पुटपुटली. तिच्या छापील नावाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तिचे नाव लिहिले. वाकड्या पात्याने रेघा जाड आल्या. तिने फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद छातीशी धरला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाईंच्या टेबलापुढे छापील कागद घेतलेल्यांची रांग लागली. अशी वेडीवाकडी रांग त्या शाळेत प्राचार्यांनी पाहिली नव्हती. ते तडक आले.

"बाई, पेटी रिकामी आहे. पेन कुठंय?"

"कामावर गेलाय, सर."

"अहो, पण पाटीवर लिहिलंय, वापरात नाही म्हणून."

"पाटी चुकलीय," बाई म्हणाल्या. मान वर केली नाही, कारण मी एका नावाच्या मध्यावर होतो. "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

आणि मित्रांनो, प्राचार्य बाजूला झाले.

मशीन अजून आहे. ते पुढच्या बाजूला छापते, मी मागच्या बाजूला लिहितो. उद्या कदाचित मला पुन्हा पेटीत घालतील. घालू देत, मी गुमान बसणार नाही. तुमच्याही घरी कपाटात माझा एखादा भाऊबंद निजवलेला असेल. त्याला मखमलीत गुंडाळू नका. कोमट पाण्याने धुवा, लाखेची शाई त्याच्या तोंडाला लावू नका, आपल्याला आवडेल तो रंग भरा आणि लिहा, बोटे माखेपर्यंत लिहा. आम्हांला जपायचे असेल, तर आधी आमचे टोपण काढा.