बिनआवाजाचा ससा

मी एक जुना ससा आहे, एका कानाचा. दुसरा कान मला कधी नव्हताच. कापड पुरलं नाही. मला पाहून कुणी उंदीर म्हणतं, कुणी पायमोजा. म्हणोत बापडे!

चिंगीची आई शिवणाच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसायची. तिथल्याच चिंध्यांतून माझा जन्म झाला. चिंगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. घरात दोघींशिवाय कुणी नाही, म्हणून आई तिला शेजारच्या मावशींकडे ठेवून कामाला जायची. मावशी मायाळू होत्या, पण काकांची रात्रपाळी. ते दिवसा त्याच खोलीत पडद्याआड झोपायचे.

माझ्याआधी आईने हौसेने बरीच खेळणी केली होती. बाटलीत डाळ भरून खुळखुळा, झाकणांची माळ, पत्र्याच्या डबीची गाडी. चिंगी खदखदून हसायची. पण मित्रांनो, त्यातल्या एकालाही गप्प बसता येत नव्हतं! काका डोळे चोळत पडद्याबाहेर यायचे. "अगं, माणसाने झोपायचं तरी कधी?"

शेवटी मावशींनी आईला दारातच गाठलं. "राग मानू नकोस हो. पण पोरीचा आवाज झाला, तर मला नाही ठेवता येणार तिला. ह्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही."

चिंगीला ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि काम सुटलं तर खायचं काय? घरी येताच तिने मला शिवायला घेतलं. डोळे दोऱ्याचे, पोटात चिंध्या. आपटा, फेका, हूं की चूं नाही.

"हा बघ, कसा शहाणा आहे," आई चिंगीला म्हणाली. "तूही मावशींकडे अशीच गप्प राहायचं हं. रडू आलं की ह्याचा कान तोंडात धरायचा."

चिंगी ते शिकली, फार लवकर शिकली. पडली, भूक लागली, आईची आठवण आली, की माझा कान तिच्या तोंडात. मावशी शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "इतकी गुणी पोर मी बघितली नाही. घरात मूल आहे असं वाटतसुद्धा नाही!" काकाही खूश. माझीही वाहवा झाली, पण मला ती गोड लागेना. माझा कान रोज चिंब व्हायचा, आणि ती नुसती लाळ नसायची. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कसा?

एका सुट्टीच्या दिवशी आई घरी स्वयंपाक करत होती. तिच्या पाठीमागे चिंगीचं बोट दारात चेमटलं. आईला पत्ताच नाही. ती वळली, तेव्हा पोर भिंतीला टेकून उभी होती. बोट काळंनिळं, डोळे डबडबलेले आणि तोंडात माझा कान.

"अगं बाई! हाक नाही का मारायची? रड ना गं, राणी. इथे कुणी झोपलेलं नाही."

आईने माझा कान ओढून काढला. चिंगीने ओठ घट्ट मिटून घेतले. ते पाहून आईलाच हुंदका फुटला आणि ती मोठमोठ्याने रडू लागली. "माझंच चुकलं गं, माझंच!"

चिंगी घाबरली. तिने मावशींच्या भिंतीकडे पाहिलं, मला घाईघाईने उचललं आणि माझा कान आईच्या तोंडात कोंबला.

आता चिंगी शाळेत जाते. माझे टाके उसवलेत, मी कपाटात पडून असतो. तिचं रडणं मात्र अजून आईने ऐकलेलं नाही.

मित्रांनो, लहानग्यांसाठी खेळणी जरूर करा. चिंध्यांची करा, डब्यांची करा. पण मूल रडायला लागलं, तर आमच्यातलं कुणी त्याच्या हातात देण्याआधी तुम्ही स्वतः त्याच्याजवळ जा.