दिपा विकास आडे यांच्या मानेतली गाठ

सही करायच्या आधी शीतल मॅडमनं मला तीनदा सांगितलं होतं, ज्याचं नाव त्याचंच रक्त. दुसऱ्या कोणाला पाठवायचं नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला थोडा रागच आला. मी बीएस्सी आहे, रसायनशास्त्र. रक्त कोणाचं आहे याला महत्त्व असतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी ‘बराबर’ म्हटलं आणि सही केली.

ते संशोधन होतं. माझ्या मुलीला, रुपाला, पाचव्या वर्षी साखर निघाली. म्हाताऱ्या माणसांची नाही, लेकरांची. जिच्यात अंग स्वतःवरच उलटतं आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बघायचं होतं, की अशा लेकरांच्या घरातल्या बायकांच्या थायरॉइडवरही अंगाचा तसाच हल्ला होतो का, आणि हल्ला झालेल्या थायरॉइडमध्ये कॅन्सरच्या गाठी जास्त सापडतात का. शीतल मॅडम त्यांच्या वतीनं कळमनुरी तालुक्यातले तांडे आणि वस्त्या फिरायच्या. त्यांनी मला कागदावर मान काढून दाखवली, मानेत फुलपाखरासारखी ग्रंथी काढून दाखवली. जे घर संशोधनात राहील त्याच्या लेकराला साखर तपासायच्या पट्ट्या दोन वर्षं मिळणार होत्या. रुपाला दिवसाला चार लागतात. संशोधनात का गेलीस असं कोणी विचारलं, तर विज्ञानासाठी असं मी सांगत नाही.

हिंगोलीला तपासणी दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी होती. सोमवारी रुपाला उलट्या सुरू झाल्या. साखर सकाळी चारशे, दुपारी सत्तर. डॉक्टर फोनवर म्हणाले, दर दोन तासांनी बघा. अशा लेकराला सोडून मी संडासलासुद्धा दार उघडं ठेवून जाते. हिंगोलीला कशी जाणार? शीतल मॅडमचा फोन लागेना. माझं नाव कटणार, नावाबरोबर पट्ट्या कटणार, म्हणून मी रडायला लागले. सासूबाईंनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, मग शिवकन्याला पाठव की.

शिवकन्या माझी धाकटी नणंद. दिवाळीला माहेरी आली होती.

आमच्या तांड्यावर याला कोणी लबाडी म्हणत नाही. अर्धा तांडा दिवाळीनंतर ऊस तोडायला जातो. तिथं नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बायको बाळंत झाली, नवऱ्याचा पाय मोडला, तर घरातलं दुसरं कोणी जाऊन त्या जागी उभं राहतं. मुकादम कोयते मोजतो, तोंडं बघत नाही. बचत गटाच्या बैठकीला सासूच्या जागी सून बसते, सुनेच्या जागी जाऊ. जागा भरली की काम झालं. शिवाय सासूबाईंनी थोडं शास्त्रही सांगितलं. म्हणाल्या, ‘तू तर बाहेरून आलेली. शिवकन्या लेकराची सख्खी आत्या हाय. तिचं रक्त तुझ्यापरीस जवळचं.’

मी बीएस्सी आहे. मला ते पटलं.

मंगळवारी शिवकन्या माझं आधार कार्ड घेऊन गेली. त्यावरचा फोटो माझ्यासारखा कधीच दिसला नव्हता, शिवकन्यासारखा थोडा दिसला. शीतल मॅडम त्या दिवशी सेनगावकडं गेल्या होत्या. टेबलावर भलतंच कोणी होतं, त्यांनी कार्ड बघितलं आणि आत जा म्हटलं. संध्याकाळी शिवकन्या खुशीत परत आली. पोहे दिले, कापडी पिशवी दिली, पलंगावर निजवून मानेला गार चिकट काहीतरी लावलं आणि टीव्हीत बघितलं. ‘वहिनी, मज्जा हाय तुझी,’ असं म्हणत होती. तिचा आवाज उन्हाळ्यापासून बसला होता. घरात सगळे तिला फौजदार म्हणायचे, मीही म्हणायचे. रुपाला किती वेळा लघवीला झालं हे मी वहीत वेळेसकट लिहिते. शिवकन्याचा बसलेला आवाज फोनवर सहा महिने ऐकत होते, त्याची नोंद कुठंच केली नाही.

दिवाळी झाली. शिवकन्या आणि तिचा नवरा हरिचंद, फुलसिंग मुकादमाच्या टोळीत निघून गेले. त्यानंतर बाराव्या दिवशी शीतल मॅडमचा फोन आला. दिपाताई, जरा बसून बोलता का, म्हणाल्या. मी बसले. त्यांनी सावकाश सांगितलं. थायरॉइडवर अंगाचा हल्ला चालू असल्याच्या खुणा रक्तात आहेत. काम मंद झालंय. आणि मानेत डावीकडं एक गाठ आहे, दीड सेंटीमीटरच्या वर, तिच्या कडा चांगल्या दिसत नाहीत. सुईनं पेशी काढून तपासायच्या. घाबरून जाऊ नका, कॅन्सर निघाला तरी या जातीचा बहुतेक वेळा बरा होतो, फक्त वेळेवर हाताशी यायला पाहिजे.

मी घाबरले नाही. माझी मान मोकळी आहे, हे मला पहिल्यांदा सुचलं. दुसरं सुचलं ते पट्ट्यांचं. शिवकन्या तिसरी सुचली. हे मी मुद्दाम लिहिते.

तिचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. मी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की हिंगोलीचा रिपोर्ट आला, तुझ्या मानेत गाठ आहे, सगळं टाकून ये.

‘रिपोर्टवर नाव कोणाचं हाय?’ तिनं विचारलं.

‘माझं.’

‘मग गाठ तुझी. तुझी तकलीफ माझ्यावर काहून ढकलून राहिली, वहिनी?’

मी तिला सगळं समजावलं. रक्त तुझं, मान तुझी, टीव्हीत दिसलं ते तुझं. तिनं ऐकून घेतलं. ‘पोहे मी खाल्ले, ते मला मान्य हाय,’ म्हणाली आणि त्या फौजदारी आवाजात हसली. मग गंभीर झाली. टोळी अर्ध्यात सोडली तर हरिचंद एकटा पडेल, एकट्याचा कोयता चालत नाही, हंगाम झाला की येते, दुखत तर काहीच नाही. मी म्हटलं, ही गाठ दुखत नसतेच. ती म्हणाली, मग बरंच आहे की. त्यानंतर तिचा फोन बंद लागायला लागला.

सुईची तारीख आली. विकास, म्हणजे माझा नवरा, म्हणाला खरं सांगून टाक. मी म्हटलं सांगते, आणि तारीख चुकली तर नाव कटेल म्हणून आधी जाऊन पलंगावर निजले. डॉक्टरांनी माझ्या मानेवर दहा मिनिटं यंत्र फिरवलं. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दुसऱ्यांनी तिसऱ्यांना बोलावलं, ते मोठे होते. त्यांनी जुना रिपोर्ट बघितला, मान बघितली, परत रिपोर्ट बघितला. गाठ नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, मधल्या काळात काही औषध घेतलं का, झाडपाला वगैरे? मी नाही म्हटलं. खाण्यात काही वेगळं? मी गडबडले आणि खरं ते सांगितलं, की आमच्याकडं सगळेच घेतात ते हळदीचं दूध घेते.

त्यांनी ते लिहून घेतलं.

त्यांचं पेन चालताना बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. उद्या हे कुठंतरी छापून येईल. कोणीतरी आई वाचेल आणि पोरीच्या मानेतल्या गाठीला हळद पाजत बसेल. असं वाचून मीच पाजली असती, मी स्वतःला ओळखते. मी निजल्यानिजल्याच म्हणाले, ‘डॉक्टर, ते खोडा. ती मान माझी नव्हती.’

मानेवरचं चिकट पुसायला कागद कोणी दिला नाही, मी पदरानं पुसलं. बाहेर बाकावर शीतल मॅडमनी सगळं पहिल्यापासून ऐकलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशवीतून माझा फॉर्म काढला, चौथं पान उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. लेकराच्या आत्या, मावश्या, असं वर लिहिलेलं होतं. खाली ओळी रिकाम्या होत्या.

‘दिपाताई, शिवकन्याला आम्ही तशीही तपासणारच होतो,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही नुसतं सांगितलं असतं, तर तो फोन मी तिलाच केला असता.’

त्या पानाखालीही माझी सही होती.

माझी नोंद बाद झाली. पट्ट्यांचं शीतल मॅडम वरिष्ठांना विचारून सांगणार आहेत. विकास दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या पलीकडं शिवकन्याच्या टोळीच्या साखर कारखान्याला गेला. तिथं पाचटाच्या मोकळ्या खोपी उभ्या होत्या. टोळी चार दिवसांपूर्वी कर्नाटकात की सांगलीकडं हलली, कोणी नक्की सांगेना. फुलसिंगचा फोन एकदा लागला. ‘कोयता पूर्ण हाय, कोणी आजारी न्हाई,’ म्हणाला आणि ठेवून दिला. हरिचंदचा नंबर बंद. सासूबाई सकाळ-संध्याकाळ दोन्ही नंबर लावायला लावतात. त्यांना मी कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही, पण त्या आता शिवकन्याला फौजदार म्हणत नाहीत.

परवा आमच्या तांड्यावरचे गुलाबसिंग तिकडून परत आले. त्यांना शिवकन्या एका रस्त्यावर दिसली होती, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढताना. ठीक आहे म्हणाले. फक्त भाकर पाण्यात कालवून खाते, कोरडी तिच्या घशाखाली उतरत नाही. रस्ता कोणता ते त्यांना आठवत नाही. मी त्यांना तीन वेळा विचारलं, मग त्यांच्या बायकोनं मला चहा दिला आणि विषय बदलला. शीतल मॅडमना फोनवर हे सांगितलं. मग त्यांनी मला घरच्या घरी मान कशी बघायची ते शिकवलं.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या गावाबाहेर उसाच्या टोळ्या उतरल्या असतील, तर एक चक्कर मारा. शिवकन्या हरिचंद जाधव, वय सव्वीस, उंच, साडीवर नवऱ्याचा निळा शर्ट, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, आवाज पुरुषासारखा. ती चेष्टा करेल, करू द्या. मी पाठवलं असं सांगू नका, ती उठून कामाला लागेल. ऊन फार आहे म्हणा, तांब्याभर पाणी द्या, आणि ती घोट गिळत असताना मानेच्या डाव्या बाजूला काही वर-खाली सरकतं का तेवढं बघा. सरकत असेल तर तिला तिथून हलू देऊ नका, जवळच्या डॉक्टरला तिथंच बोलवा.