एकच कार्ड ठेवा

रनाळ्याच्या नवनीत पाटलांचा उजवा हात चार-पाच वर्षांपासून थरथरत होता. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसती थरथर. डॉक्टरांच्या गोळीने ती थोडी आटोक्यात राहायची, पण चहाचा कप अर्धाच भरून घ्यावा लागायचा आणि शर्टाची बटणं सिंधुबाई लावून द्यायच्या. त्याचं पाटलांना फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते दुकानात. फोन धरून तो काळा-पांढरा चौकोन टिपायला जावं तर चौकोन नुसता नाचायचा. मग सिंधुबाई शेजारून फोन काढून घेत आणि पैसे देऊन टाकत. नोटा द्यायला जावं तर एकदा बाजारात सगळ्या हातातून सुटून लोकांच्या पायांत गेल्या होत्या. तेव्हापासून पाटील एकटे खरेदीला जायचे थांबले.

नवापूरला शिक्षिका असलेली त्यांची लेक शीला दिवाळीला आली, तेव्हा तिने वडिलांच्या नव्या फोनमध्ये बँकेचं कार्ड भरून दिलं. आता काही टिपायचं नाही, काही दाबायचं नाही. अंगठा लावून फोन उघडायचा आणि दुकानातल्या मशीनला फोनची पाठ टेकवायची. नंदुरबारच्या औषधांच्या दुकानात पाटलांनी ते सिंधुबाईंच्या देखत करून पाहिलं. जमलं. त्याच दिवशी त्यांच्या मनात बूट आले.

सिंधुबाईंच्या टाचा दुखत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, तेही चांगले बूट घालून. "साडीवर बूट? लोके हसतीन," असं म्हणून त्या चपलेवरच चालत आणि अर्ध्या वाटेतून परत येत. बरोबर घेऊन गेलं तर त्या दुकानाची पायरीही चढायच्या नाहीत, हे पाटलांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून एका दुपारी त्या झोपल्या असताना पाटलांनी त्यांच्या चपलेवर सुतळी धरून माप घेतलं, गाठ मारली आणि खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी "ठिबकची नळी बघून येतो" म्हणून नंदुरबारची एसटी धरली.

बूट पसंत करायला वेळ लागला नाही. दुकान ममताचं होतं. नवऱ्याबरोबर ती ते चालवायची. तिने सुतळी टेबलावर ताणून पाहिली, हसली नाही, आणि राखाडी रंगाचे, मऊ तळाचे बूट काढून दिले. पाटलांनी फोन उघडला आणि तिने पुढे केलेल्या मशीनला टेकवला.

मशीन नाराजीने टुणटुणलं. पुन्हा टेकवला. पुन्हा तेच.

"राहू द्या बाबा, स्कॅन करा ना," ममता म्हणाली.

"नही. आसंच करानं शे," पाटील म्हणाले. आवाज जरा चढलाच त्यांचा. मग त्यांनी बाजूला जाऊन शीलाला फोन लावला. तिची मधली सुट्टी चालली होती.

"आप्पा, तुम्ही नंदुरबारले काय करी ऱ्हायनात?"

"ते इचारू नको. आनि तुन्ही मायले सांगू नको. हाई टॅप चालत नही."

शीला हसली, पण लगेच कामाला लागली. सेटिंगमध्ये एनएफसी, म्हणजे टेकवून पैसे द्यायची सोय, चालू आहे का? पाटलांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. चालू होतं. बँकेचं कार्ड दिसतं का? दिसत होतं. "आते फोन बंद करीसन चालू करा," ती म्हणाली. पाटलांनी तेही केलं. मशीन पुन्हा टुणटुणलं.

"मशीन त बिघडेल नही ना?" पाटलांनी विचारलं.

ममताने स्वतःचं कार्ड टेकवून दाखवलं. मशीनने ते लगेच ओळखलं. मशीन ठीक, फोन ठीक, कार्ड ठीक. उरला फक्त हात. पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं. तो आपला नेहमीसारखा थरथरत होता. थरथरीनेच होत नसेल, असं त्यांना वाटलं.

ममतालाही बहुतेक तसंच वाटलं असावं. तिने मशीन टेबलावर आडवं ठेवलं. "हातमां धरू नका. फोन यान्हावर ठेवी द्या, आनि सोडी द्या."

पाटलांनी फोन ठेवला आणि हात काढून घेतला. पैसे गेले नाहीत, पण आता फोन हलत नव्हता, म्हणून मशीनच्या पडद्यावरची ओळ वाचण्याइतकी टिकली. आतापर्यंत ती दिसायच्या आतच ते फोन उचलत होते.

ममताने वाकून वाचलं. "एकच कार्ड ठेवा, आसं म्हनस हाई."

"एकच त शे!" पाटील म्हणाले. आणि म्हणता म्हणताच थांबले.

सकाळी निघताना सिंधुबाईंनी त्यांचं एसटीचं ज्येष्ठांचं कार्ड फोनच्या कव्हरमध्ये मागून सरकवून दिलं होतं. पाकिटातून काढताना त्यांना त्रास होतो, मागे रांग खोळंबते, म्हणून. तेही कार्ड टेकवायचंच. मशीन बिचारं दोघांनाही ओळखत होतं आणि कुणाचं ऐकावं ते त्याला कळत नव्हतं.

पाटील कव्हर काढू लागले. घट्ट होतं. बोट कडेला लागायचं आणि निसटायचं. ममताचा हात एकदा पुढे आला, पण तिने तो मागे घेतला आणि बुटांची पेटी उगाच पुसत उभी राहिली. शेवटी कव्हर निघालं. कार्ड खिशात गेलं. अंगठा, मशीन, आणि एक छोटा, समाधानी आवाज. पावती सरसरत बाहेर आली.

"व्हयनं!" पाटील मोठ्याने म्हणाले. तेवढ्यात, फोन बंद केल्यापासून वाट बघत असलेल्या शीलाचा पुन्हा कॉल आला. तिलाही तेच सांगितलं, मग ममताला, मग बसस्टँडवर एका अनोळखी माणसालाही.

घरी सिंधुबाईंनी पेटी उघडली आणि एक बूट काढून तळव्याला लावून पाहिला.

"तुमले मन्हा पायनं माप कसं काय कळनं?"

"कळनं."

"आनि पैसा कोनी दिनात? फोन कोनी धरा?"

"कोनीच नही. मीच."

ओट्यावर बसून सिंधुबाईंनी बूट चढवले, नाडी बांधली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. साडी घोट्याच्या वर थोडी खोचली होती. शेजारची जसोदाबाई कुंपणावरून बघत होती. तिने हसायच्या ऐवजी किमतीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेताच्या रस्त्याने निघाले. मिरचीच्या वावरापर्यंत पाटील बरोबरीने चालले. पुढे सिंधुबाई झपाट्याने पुढे गेल्या, आणि पाटलांना मागून हाक मारावी लागली, "ओ, जरा दमानं!"

त्या थांबल्या नाहीत. फक्त मागे वळून हसल्या.