वरचा डावा, दुसरा

लोकांच्या तोंडात जाणारी वस्तू करायची आणि ती वस्तू आहे हे कुणाला कळू नये म्हणून जिवाचं रान करायचं, असा धाकटीचा धंदा होता. ती कवळ्या करायची. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, एका हाताला छोटी ज्योत, दुसऱ्या हाताला मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि समोर उघडझाप करणारा लोखंडी सांगाडा, ज्याला ती नुसतं 'जबडा' म्हणायची. बावीस वर्षं हेच. पुढच्या खोलीत डॉक्टर माप घ्यायचे, मागच्या खोलीत ही दात लावायची, आणि पुन्हा पुढच्या खोलीत लोक डॉक्टरांचे आभार मानून निघून जायचे. तिला त्याचं काही वाटत नव्हतं म्हटलं तर ते खोटं होईल. पण तिचाही एक माज होता. रस्त्यात एखादे आजोबा खदखदून हसताना दिसले की ती मनात म्हणायची, "हे माझे." आजोबांच्या शेजारी चालणाऱ्या मित्राला पत्ता नसायचा. याहून मोठी शाबासकी ती कसली हवी?

घरात मात्र एकच सुंदर बाई होती, आणि ती धाकटी नव्हती. ती थोरली, म्हणजे तिच्या मोठ्या दिरांची बायको. दोघी जावा एकाच घरात, थोरली खाली, धाकटी वर.

आता थोरली सुंदर होती म्हणजे काय होती, हे सांगायला गेलं की पंचाईत व्हायची. रंग यथातथाच. नाक चांगलं भरभक्कम. उंचीही बेताची. पण ती हसली की समोरच्याचं बोलणं अर्धवट राहायचं. एका मोठ्या कापडाच्या दुकानात ती पंचवीस वर्षं काउंटरवर होती. लोक पडद्याचं कापड घ्यायला यायचे आणि पडद्यांसोबत उशीचे अभ्रेही घेऊन जायचे, का घेतले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसायचं. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा पाहुण्यांमधली एक बाई म्हणाली होती, "थोरलीपुढे ही म्हणजे अगदीच साधी." तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं धाकटी थोरलीवर जळत आली. उघड नाही हं! वरून सगळं गोड. पण जेवायला बसलं की समोर ती, घरात कुणी आलं की मधोमध ती, आणि धाकटी कोपऱ्यातून बघत राहायची, की हिच्यात असं आहे तरी काय.

आणि मग एका वर्षात थोरलीच्या हिरड्यांनी दगा दिला. दात हलायला लागले, डॉक्टरांनी हात टेकले, एकेक करत सगळे काढावे लागले. वय अठ्ठावन्न. गाल आत गेले, ओठ आत वळले. हिरड्या भरून येईपर्यंत तीन महिने ती खालच्या खोलीतून बाहेर पडली नाही. कुणी आलं की तोंडावर हात. स्वतःच्या नवऱ्याशीही भिंतीकडे बघून बोलायची. मग दुकानाच्या मालकाचा निरोप आला, की सोमवारपर्यंत येत असाल तर या, नाहीतर काउंटरवर दुसरी बाई घेतो. माणूस वाईट नव्हता, पण दुकान काय बंद ठेवणार होता?

"सोमवारी मी जाणार," थोरली म्हणाली. दातांशिवाय बोलताना शब्दांतून नुसती हवा जात होती. "तू कर माझे दात. पण ऐक, सरळ पाहिजेत. पांढरेशुभ्र, एका ओळीत. टीव्हीवरच्या बायांसारखे. आयुष्यात एकदा तरी मला सरळ दात पाहिजेत."

"बरं जाऊबाई," धाकटी म्हणाली.

तिने तसेच लावले. मेणात चौदा वर, चौदा खाली, पट्टी धरून तपासावेत असे. मंगळवारी ट्रायल झाली. मेणातले दात तोंडात घालून थोरलीने आरसा धरला आणि तिचे डोळे भरून आले. "बघ! बघ गं, कसे दिसतात!" तिचा नवरा म्हणाला, वा. डॉक्टर म्हणाले, छान, पास. सगळे खूश.

धाकटी मात्र पुढे वाकून बघत राहिली. समोर एक नीटनेटकी, चारचौघींसारखी बाई बसली होती. हसली की सगळं तोंड एकदम उघडायचं आणि एकदम मिटायचं, कपाटाचं दार जसं उघडून बंद होतं तसं. गेलं कुठे ते?

ती मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली, आणि अठ्ठावीस वर्षं जे सापडलं नव्हतं ते तिथे, जबड्यासमोर, तिला सापडलं. वरचा डावा, दुसरा. थोरलीचा तो दात जन्मापासून जरा फिरलेला होता, शेजारच्या मोठ्या दातावर किंचित चढून पुढे आलेला. थोरली हसायला लागली की ओठ उजवीकडून वर जायचा, डावीकडे त्या दाताशी अडायचा, क्षणभर तसाच राहायचा आणि मग सुटायचा. हसू आधी अर्धं यायचं. हसावं की नाही असा विचार करून, मग 'जाऊ दे, हसूच या' म्हटल्यासारखं पुरं यायचं. त्या अर्ध्या क्षणासाठी माणसं थांबायची! आणि तो अर्धा क्षण धाकटीने स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, सरळ करून टाकला होता.

खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं. का नाही येणार? ती काही देवी नव्हती. आहे ते साच्यात घालून पक्कं व्हायला शिजवायला टाक आणि गप्प बस, मन म्हणालं. मागितलं तेच दिलंस. कुणाला कळणार नाही. थोरली होईल चारचौघींसारखी, आणि फिट्टंफाट. चहा गार होईपर्यंत ती या विचाराची मजा घेत बसली, हेही खरं.

मग तिची नजर मेणातल्या त्या सरळ ओळीकडे गेली आणि तिला संतापच आला. थोरलीचा नव्हे, स्वतःचा. बावीस वर्षांत असलं मेलेलं काम तिच्या टेबलावरून गेलं नव्हतं. आणि आता जाणार ते घरच्याच बाईच्या तोंडात?

तिने सुरी ज्योतीवर धरली, मेण मऊ केलं आणि वरचे सहा दात उपटून काढले.

"डोकं फिरलंय का तुमचं?" डॉक्टर दारात उभे राहून म्हणाले. "पेशंटने पास केलेलं काम आहे ते."

"पेशंटला कापड कळतं. दात मला कळतात."

"आणि नाही आवडलं तर? सोमवारच्या आत दुसरी होणार नाही. बाईंची नोकरी जाईल."

हे खरं होतं. "बघते मी," एवढंच ती म्हणाली. तीन दिवस ती त्या एका दातामागे लागली. लावायची, मागे सरकून बघायची, काढायची. फार फिरवला तर आडदांड दिसे, कमी फिरवला तर सरळच होता की. शेवटी तिने डोळे मिटले, थोरलीला मनात जेवणाच्या टेबलाशी बसवलं, हसवलं, आणि मग हात चालवला. रंगही बदलला, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला शोभेल असा जरा पिवळसर घेतला. शनिवारी कवळी तयार झाली.

"आरसा नंतर," धाकटीने दवाखान्याच्या खुर्चीत बसलेल्या थोरलीला सांगितलं. पुढच्या खोलीत दोघीच होत्या. "आधी बोला. दुकानात बोलता तसं. म्हणा, 'सहा मीटर, सफेद, सुती.'"

"सहा मीटर, सफेद..." थोरली बोलता बोलता थांबली. ओठांच्या आत तिची जीभ डावीकडे वर गेली. तिथेच राहिली. पुन्हा एकदा जाऊन आली. तिचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"वाकडा लावलायस."

"हो."

"तोच! तोच परत आणलास तू!" थोरलीच्या आवाजात आता हवा नव्हती, धार होती. "शाळेत पोरी चिडवायच्या मला त्याच्यावरून. माझ्या लग्नाचा फोटो काढून बघ, तोंड मिटलेलं आहे. एकूण एक फोटोत मिटलेलं आहे! सरळ पाहिजेत म्हणून सांगितलं, आणि तू..." ती मध्येच थबकली. तिने धाकटीकडे नीट पाहिलं. "थांब. तुला कसा कळला? दात काढण्याआधीचं माप नाही. फोटो नाही. हा इथे असाच होता, अगदी असाच. माझी जीभ सांगतेय ना. तुझ्याकडे होतं काय बघायला?"

धाकटीच्या हातातला रुमाल चुरगळला. खोटं बोलता आलं असतं. पण दात खरे करून वर तोंडाने खोटं काय बोलायचं?

"जळत होते मी तुमच्यावर," ती म्हणाली. "आले त्या दिवसापासून. अठ्ठावीस वर्षं समोर बसून बघत होते, की हिच्यात काय आहे आणि माझ्यात काय नाही. जळणारी बाई फार नीट बघते, जाऊबाई. भाऊजींनी नसेल बघितलं इतकं बघितलंय मी. त्या दाताशी तुमचा ओठ अडतो. तुम्ही सुंदर दिसता ते तिथे. सरळ दात लावून बघितले मी, आणि तुम्ही गेलातच. मला नाही करता आलं ते. शिव्या द्या हव्या तर, पण मी सरळ दात देणार नाही."

थोरलीचा हात तोंडाकडे गेला. धाकटीला वाटलं, आता कवळी काढून टेबलावर ठेवील आणि उठून जाईल. म्हणजे सोमवार हातचा गेलाच.

"जळत होतीस?" थोरलीने हळूच विचारलं. "माझ्यावर?"

"हो."

"अगं, मग खरं सांग की! किती?"

"पहिली पाच वर्षं तर झोप नव्हती मला धड."

"पाच वर्षं!" थोरली म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. उजवीकडून ओठ वर गेला, डावीकडे त्या दाताशी अडला, थांबला, आणि सुटला. कवळीचा डबा शोधत आत आलेले डॉक्टर दारातच उभे राहिले, आपण कशाला आलो होतो तेच विसरून. थोरली हसतच होती, तोंडावर हात न घेता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. ते हसू बघून तिच्या पोटात दुखलं नाही, असं अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. कसं दुखेल? ते तिने केलं होतं.